नमुनेकाकांचं शिखर

नमुनेकाका दगड डोळे मिटून ओळखायचे. साबणाच्या वडीएवढा प्लॅस्टरचा तुकडा तळहातावर घ्यायचे, त्याच्या खाचेवरून अंगठा एकदा पुढे, एकदा मागे न्यायचे आणि म्हणायचे, "दोनशे सतरा. उत्तरेच्या भिंतीतला. याची उजवी कोर उडाली हाये." मी तुकडा उलटा करून बघायची. खाली पेन्सिलीनं २१७ लिहिलेलं असायचं. हे दगड ज्या देवळाचे होते, ते देऊळ मात्र काकांनी तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं.

देऊळ हिवरखेडच्या पुढे एका गावाच्या शिवारात होतं. होतं म्हणजे पडलेलं होतं. गाभाऱ्याच्या तीन भिंती कमरेइतक्या उभ्या, बाकी सगळा काळ्या दगडांचा पसारा. काही दगड कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काही विहिरीच्या पायऱ्यांत, एकावर तर गावातल्या बाया कपडे धूत. ते पुन्हा उभं करायचं काम निघालं आणि ठेकेदारानं मला मोजमापासाठी नेमलं. मी अकोल्याची, सिव्हिल इंजिनिअर. प्रत्येक दगडाला क्रमांक घालायचा, लांबी, रुंदी, उंची घ्यायची, खाचा आणि उंचवटे ओला कागद दाबून घेतलेल्या ठशावर उतरवायचे आणि रविवारी ती चळत घेऊन, बडनेऱ्याला उतरून, अमरावतीला काकांच्या घरी पोचवायची. काका त्यावरून प्रत्येक दगडाची एक दशांश आकाराची प्रतिकृती ओतायचे आणि त्या एकमेकींवर रचून पाहायचे. खरा दगड चढवायला क्रेन लागते, सहा माणसं लागतात, आणि जागा चुकली तर उतरवताना कोर तुटते. प्लॅस्टरचा दगड दिवसातून चाळीस ठिकाणी ठेवून पाहता येतो. काकांच्या टेबलावर जागा ठरली, की मगच गावातला दगड जमिनीवरून हलायचा.

काका साईनगरात तिसऱ्या मजल्यावर राहत. सरकारी खात्यात आरेखक होते. निवृत्तीला काही महिने उरले असताना एका बांधकामाच्या परांचीवरून पडले आणि कंबर गेली. खुर्चीत बसता येई, भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाता येई, तेवढंच. इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी सोडलेल्या चौकात लोक स्कूटर लावत. मी जाऊ लागले तेव्हा दोन वर्षांत ते दोनदाच खाली उतरले होते, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. गॅलरीच्या जाळीतून त्यांना समोरच्या इमारतीची मागची बाजू, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि एका कडुनिंबाचा शेंडा दिसायचा. त्यांच्याकडे बघून मला गुदमरल्यासारखं व्हायचं. त्यांना तसं काही होत असावं असं वाटत नसे. ते सतत त्या देवळातच असायचे.

नमुनेकाका हे नाव सोसायटीनं ठेवलेलं. त्यात नमुने बनवणारा हा एक अर्थ होता आणि हा माणूसच एक नमुना आहे हा दुसरा. काकांना दोन्ही मान्य होते. नवीन कोणी आलं की स्वतःच सांगायचे, "मी सरकारमान्य नमुना हाये." घरभर पेढ्याची जुनी खोकी होती आणि प्रत्येकात कापसात गुंडाळलेले दगड. एकदा काकूंच्या भावानं मोठ्या आशेनं एक खोकं उघडलं होतं, ती गोष्ट काकू दर वेळी नव्यानं सांगत. जेवणाचं टेबल देवळानं कधीच व्यापून टाकलं होतं. काका त्याच्या एका कोपऱ्यात ताटापुरती जागा करून जेवत आणि काकू स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या.

"माप सांग, मत नको सांगू," हे त्यांचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. सुरुवातीला एकदा मी फोनवर म्हणाले, "काका, हा बहुतेक दारावरचा असावा." ते म्हणाले, "वैशाली, तुह्या टेपवर बहुतेक कोठी लिवलं हाये ते पाय बरं." तेव्हापासून मी तो शब्द त्यांच्यासमोर वापरला नाही. कधी एकच दगड तीनदा मोजायला लावत आणि तिन्ही मापं सारखी आली की लहान मुलासारखे खूश होत.

त्यांचा एक नियम होता. जो दगड सापडला, त्याच्या प्लॅस्टरमध्ये काळा रंग कालवायचा. जो सापडला नाही, पण असायला हवा असं वाटतं, तो पांढराच ठेवायचा. त्यामुळे त्यांचं देऊळ काळंपांढरं दिसे. वरचं शिखर तर पूर्ण पांढरं होतं. शिखराचा एकही दगड मिळालेला नव्हता. आसपासची देवळं बघून साहेबांनी आराखड्यात ते काढलं होतं आणि काकांनी त्याबरहुकूम बनवलं होतं.

साहेब म्हणजे या कामावरचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. घाईत असलेला माणूस होता. एका रविवारी ते स्वतः तीन मजले चढून आले, टेबलाभोवती फिरले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मंजुरीची बैठक आहे. हे वरचं असं पांढरं दिसतं, ते अर्धवट वाटतं. रंगवून टाका."

"ते मानलेलं हाये साहेब," काका म्हणाले. "सापडलं नाई."

"ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. बैठकीतल्या लोकांना पूर्ण देऊळ दिसलं पाहिजे. मंजुरी हुकली, तर तुमचे हे चारशे दगड शेतात पडून राहतील. मग काळेपांढरे करत बसा."

काकांनी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी काकूंना ब्रश मागितला. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा देऊळ शेंड्यापर्यंत काळंभोर होतं आणि फारच सुंदर दिसत होतं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढ्यानं काम सुरू होत असंल तं होऊ दे."

काम सुरू झालं. नमुना काचेच्या पेटीत बसून गावात गेला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवला गेला. काकांकडे काम करायला साचे होते, दुसरा कच्चा नमुना होता. गाव मात्र त्या पेटीतल्या देवळावर जीव लावून बसलं. लग्नपत्रिकांवर त्याचा फोटो छापला जाऊ लागला. शाळेच्या भिंतीवर कोणीतरी ते शिखर रंगवलं. देवस्थान समितीचे अध्यक्ष दादाराव, तिथले जुने शेतकरी, यांनी ठरवलं की कळस गावाचा असला पाहिजे. घरोघरच्या बायांनी पितळेची जुनी भांडी दिली, ती वितळवून दीड हात उंचीचा कळस ओतून आणला. गयाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी माहेराहून आलेला पाणी भरायचा पितळी गुंड दिला. मला हात धरून सांगत होत्या, "माह्या लग्नातला हाये व माय. आता तो देवाच्या डोक्यावर बसन."

भिंती छतापर्यंत आल्या, तेव्हा विहिरीच्या पायऱ्या काढायला घेतल्या. तिथून तीन दगड निघाले. त्यांतला चारशे अडतीस क्रमांकाचा मी मोजला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. लांबट दगड, वरून किंचित उतरता, मध्ये एक पन्हळ, टोकाला गाईच्या तोंडासारखी चोच. पन्हळीचा तळ पाण्यानं झिजून बोटभर खोल गेलेला.

रविवारी काकांनी तो ओतला, वाळू दिला आणि कच्च्या नमुन्यावर ठेवून पाहू लागले. गाभाऱ्याच्या तळाशी बसेना. देवळाच्या ओट्यावर बसेना. मग त्यांनी कच्च्या नमुन्यावरचं शिखर उचलून बाजूला ठेवलं आणि तो दगड भिंतीच्या माथ्यावर टेकवला. दोन्ही बाजूंच्या खाचा टक्कन बसल्या. मला तो आवाज अजून आठवतो.

समजायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. जिथून शिखर सुरू व्हायला हवं होतं, तिथून छतावरचं पावसाचं पाणी बाहेर पडत होतं. शेकडो वर्षं पडत होतं, त्याशिवाय दगड इतका झिजत नाही. त्या देवळाला शिखर कधी नव्हतंच. सपाट छताचं, ठेंगणं, बसकं देऊळ होतं ते.

"पुन्हा मोजून आन," काका म्हणाले.

मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. माप तेच. मी साहेबांना कळवलं. त्यांनी काकांना फोन केला. मी समोर होते, फोन मोठ्या आवाजावर होता. साहेब म्हणाले, "दगड विहिरीतला आहे ना? मग विहिरीतलाच समजा. गावाला शिखर हवं आहे, मंजुरी शिखराची आहे, कळस तयार आहे. कोणाचं काय नुकसान होतंय?" काकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर नऊ दिवस काकांचा मला फोन आला नाही. एरवी दिवसाला चार यायचे. गावात कारागिरांनी शिखराच्या पहिल्या थराचे नवे दगड घडवायला घेतले होते आणि त्या नकाशावर माझी सही होती. सही मागे घ्यावी तर नोकरी जाईल, न घ्यावी तर तो झिजलेला दगड रोज समोर. दादाराव सकाळी येऊन घडवलेल्या दगडावरून हात फिरवत आणि मला म्हणत, "ताई, लवकर होऊ द्या." मी मान हलवत असे. शेवटी न राहवून, रविवारची वाट न बघता अमरावती गाठली.

दार काकूंनी उघडलं. हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटून बसतात ग दिवसभर. हातात दगडही नसतो."

काका जाळीपाशी खुर्चीत होते. मला पाहून म्हणाले, "मी इतकी वर्षं इथून हाललो नाई. मले त्याचं काई वाटलं नाई. या नऊ दिवसांत मले वाटून राह्यलं का मी कोंडलो." मग म्हणाले, "मले गावात नेजो."

"काका, मी सांगते गावाला. नाहीतर फोनवर बोला तुम्ही."

"रंग म्या मारला. फोनवर कसा पुसू?"

चौथ्या दिवशी ठेकेदाराची गाडी, ड्रायव्हर, दोन गवंडी आणि तळमजल्यावरचे एक शेजारी अशी जमवाजमव करून आम्ही काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कठडा आणि भिंत यांच्यामध्ये अशी अडकली की वर जाईना, खाली येईना. दहा मिनिटं काका तिथे अधांतरी, समोरच्या विजेच्या मीटरकडे बघत बसले होते. उचलणारे घामाघूम. काका म्हणाले, "या जिन्याचं माप कोनं घेतलं होतं त्याले एकदा भेटाव." शेवटी खुर्चीचा हात कापून काढला, तेव्हा सुटले.

अंजनगाव, अकोट करत आम्ही पोचलो. वाटेत ते काचेला कपाळ टेकवून संत्र्याच्या बागा पाहत होते. गावात चाकाची खुर्ची मागवून ठेवली होती. पण कपाशी निघून गेलेली, काळी जमीन उन्हानं तडकलेली. देवळापासून वीस पावलांवर चाक भेगेत गेलं ते निघेना. काका तिथूनच बघत राहिले. मग गवंड्यांनी त्यांना दोन हातांवर उचलून भिंतीशी नेलं. त्यांनी दगडावर तळहात ठेवला. डोळे मिटले नाहीत. "किती मोठा हाये हा," एवढंच म्हणाले.

सभा पंचायतीसमोरच्या पत्र्याच्या शेडात भरली. काकांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. शिखर मानलेलं होतं. त्यावर मी खोटा रंग दिला. आता दगड सापडला आणि तो सांगतो की शिखर नव्हतं. साहेबांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

दादाराव उभे राहिले. "आमाले मंदिरातलं काई समजत नाई. तुमाले समजते मनून आमी इस्वास ठेवला. बायांनी घरचे भांडे देल्ले. आता कोन्या तोंडानं येऊन राह्यले तुमी?"

"माह्याजवळ हेच तोंड हाये दादाराव," काका म्हणाले. "चांगलं असतं तं तेच आनलं असतं."

कोणी हसलं नाही. मागून एक जण म्हणाला की दगड विहिरीतला आहे, तो देवळाचा कशावरून. "याच्या खाचा भिंतीच्या माथ्यावर बरोबर बसतात," म्हणत काकांनी मला खूण केली. आम्ही चारशे अडतीस क्रमांकाचा दगड आधीच शेडाजवळ विटांवर ठेवला होता. काकांनी गयाबाईंना पाण्याची बादली घेऊन यायला सांगितलं. "मावशी, पाठीमागून वता. सावकाश."

गयाबाईंनी पाणी ओतलं. ते पसरलं, मग आपोआप पन्हळीत आलं, झिजलेल्या वाटेनं पुढे गेलं आणि चोचीतून एका धारेत खाली पडलं. शेडात सगळे त्या धारेकडे बघत होते. बादली संपली तसं गयाबाईंनी विचारलं, "मंग माह्या गुंडाचं काय?"

"तो आता परत येत नाई, मावशी," काका म्हणाले. "माही चूक हाये."

गयाबाईंनी बादली खाली ठेवली आणि घराकडे गेल्या. हळूहळू सगळेच उठले. परत येताना गाडीत काकांनी डोळ्यांवर रुमाल धरला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचं सगळं सरळ झालं नाही. साहेबांनी काकांना कामावरून काढलं. दोन माणसं येऊन टेबलावरचा नमुना, साचे, कागद घेऊन गेली. मी नकाशावरची सही मागे घेतली आणि दगडाची मापं नव्यानं पाठवली. ठेकेदार महिनाभर माझ्याशी वाकडं बोलत होता, पण त्याला दुसरं मोजणारं माणूस मिळालं नाही. तज्ज्ञांची समिती आली, तिनं दगड पाहिला, काम सात महिने थांबलं आणि मग सपाट छताला मंजुरी मिळाली. दादारावांनी माझ्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. कळस त्यांच्या घरी लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. त्याचं काय करायचं, ते गावानं अजून ठरवलेलं नाही.

काकांच्या टेबलावर आता काकू दोन ताटं वाढायच्या. काका रिकाम्या टेबलाकडे बघून जेवायचे. मी जायची, तेव्हा पूर्वीसारखंच मापं विचारायचे आणि मी सांगायची, जणू अजून ओतायची आहेत. छताची शेवटची शिळा बसली त्या दुपारी मी गाभाऱ्यातूनच त्यांना फोन केला.

"अंधार झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला. दारातून येतो तेवढाच उजेड."

"बरं झालं. मॉडेलात सारं करता येते, अंधार नाई करता येत. वरून आपन पाहत असतो ना." मग म्हणाले, "काई बोलू नको. नुसती उभी राय जराशी." मी फोन कानाला लावून उभी राहिले. पलीकडे त्यांच्या गॅलरीतल्या चिमण्यांचा आवाज येत होता.

त्यानंतर दीड महिन्यानं काका गेले.

काकूंनी त्यानंतर स्वतःहून म्हटलं, मला ते देऊळ दाखव. चैत्र संपत आला होता. हिवरखेड सोडलं तेव्हा गाडीची काच तापून हात लावता येत नव्हता. देवळाशी उतरल्यावर काकू आधी बाहेरून एक चक्कर मारून आल्या, भिंतीला हात न लावता. मग पदर डोक्यावर घेऊन वाकून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत म्हणून मी दारापर्यंत गेले. त्या मध्यभागी उभ्या होत्या.

"आत किती गार आहे ग," काकू म्हणाल्या. "चार वर्षं हे मला भिंतीची जाडी सांगत राहिले. इतकं गार असतं, हे कधी नाही म्हणाले."

"त्यांना कुठं माहीत होतं काकू," मी म्हणाले. "ते आले तेव्हा वर आभाळ होतं."

काकूंनी मान हलवली आणि तिथेच खाली, थंड फरशीवर बसल्या. मी ड्रायव्हरला सांगून आले की आम्हाला अजून वेळ लागेल.